चाळीस मिलिमीटरचा शाफ्ट

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे. केसाचे चार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा फरकही मी ओळखतो. काकासाहेब फोरमननी मला शहागंजच्या बाजारातून वाळूजच्या वर्कशॉपमध्ये आणलं, तेव्हा काय थाट होता माझा! पुढं मोजमापाचे आकडे आपोआप दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मी खणात पडलो. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं.

मला बाहेर काढलं दीपमालानं. नवं यंत्र शिकाऊ हातात कोण देतं! मेंढरं राखणाऱ्या घरची ही पोरगी पॅकिंग सोडून धातू कातायचं लेथ मशीन शिकत होती. परीक्षेचे पाच शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, जाडीला बरोबर चाळीस मिलिमीटर भरले तर मशीन तिचं, नाहीतर परत पॅकिंग. कातताना शाफ्ट तापतो, म्हणून काकासाहेबांनी नियम सांगितला होता, "हाताला चटका नाय लागला की गार समज, मग मोज."

तिनं तसंच केलं. पाचही चाळीस भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेबांनी मोजले, तर पाचही कमी!

"उद्यापासनं पॅकिंगला बस," ते म्हणाले.

"तू बी फसवलंस व्हय रं?" दीपमाला डोळे पुसत मला म्हणाली. काळीज तुटलं माझं. मी तर खरंच सांगितलं होतं. धातूतले अणू कधी स्वस्थ नसतात, जागच्या जागी थरथरत असतात. उष्णता वाढली की थरथर वाढते आणि ते एकमेकांना जरा दूर सारतात. प्रार्थनेच्या रांगेतली मुलं चुळबुळू लागली की रांग लांबते ना, तसं. गार झाले की पुन्हा जवळ येतात.

पण पोरगी हुशार. रात्रीतून बदललं काय, तर फक्त गारवा, हे तिनं हेरलं. तिनं त्यातलाच एक शाफ्ट मे महिन्याच्या उन्हात ठेवला आणि दुपारी मोजला. पुन्हा चाळीस! तोच तिनं काकासाहेबांच्या हातात दिला.

"आई गं!" त्यांनी शाफ्ट टाकलाच. "पोरी, तुला चटका नाय लागला?"

"नाय काका. ल्हानपणापासनं तव्यावरची भाकर हातानंच उलटते."

काकासाहेबांनी तिचे राठ तळहात पाहिले.

"मंग चूक माझी हाय," ते म्हणाले. "म्या माझ्या हाताचा नियम तुला सांगितला. पाच नवे कर, अन् पुरते गार होऊ दे."

परवा पाचही शाफ्ट पास झाले. मशीन आता दीपमालाचं आहे.

मित्रांनो, आम्हा अवजारांना पुसून, तेलाचं बोट लावून ठेवा. आणि तापलेला तुकडा मोजायची घाई करू नका. मी आकडा खराच सांगेन, पण एखाद्या पोरीला उगाच रडावं लागेल.