लाखेवरचा अंगठा

गोठ्याचं एकुलतं एक दार अडवून लोडर मुका झाला. आत सगळी गुरं, बाहेर पाण्याचा हौद आणि मधे हे लोखंडी धूड. शेण भरलेलं खोरं पुढे, धाकटा भाऊ वर बसलेला, आणि कितीही स्टार्टर मारला तरी नुसतं घर्रर्र, घर्रर्र.

ऊन चढत होतं, पत्रा तडतडत होता. दिवस भरत आलेली तांबडी गाय जीभ बाहेर टाकून धापत होती. दुपारी पत्र्याचा तवा झाला की ती वाचायची नाही, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

"अरे, ढकला की!" थोरला भाऊ ओरडला. त्याला सगळे कुलूपनाना म्हणतात. घरात मिठाच्या बरणीलाही त्याचं कुलूप.

"ढकलायला ती काय बैलगाडी आहे, नाना?" धाकटा म्हणाला. "बंद पडला की चाकं आवळून बसतो हा. इंजिन लागलं तरच सुटेल."

मग आम्ही शेजारी जमलो. बिघाड एक आणि वैद्य गावभर. एक म्हणाला बॅटरी गेली. ट्रॅक्टरची आणून लावली. दुसरा म्हणाला, उन्हाचं रुसलंय, ओलं पोतं टाका, टाकलं. आम्ही पुरुष असे अकलेचे दिवे पाजळत असताना नानाची बायको, नानी, पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन लोडरवर चढत होती, पलीकडे उतरत होती. एक बादली आत जाई, दहा तोंडं धावत येत.

"बाजूला व्हा," ती म्हणाली, "तुमच्या सल्ल्यांनी गाईची तहान भागत नाही."

शेवटी मिस्त्री आला. इंजिनाला कान लावून त्याने डोळे मिटले, जणू आतून कुणी निरोप सांगतंय. फिल्टर बदलला. हातपंप मारून नळीतली हवा काढली. लोडरने दोनदा खोकून धूर सोडला, आमच्या जिवात जीव आला, आणि पुन्हा गप्प.

"वर डिझेलच येत नाही," मिस्त्री म्हणाला. "टाकीचं झाकण काढा."

नाना एकदम झाकणापुढे आडवा. "झाकणाला हात लावायचा नाही!"

तेव्हा आम्ही नीट पाहिलं. झाकणाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळलेली. वर लाख ओतलेली. आणि लाखेवर नानाचा अंगठा, ठसठशीत, एखाद्या राजाची मोहोर असावी तसा.

"हे कधी केलंस?" धाकट्याने विचारलं.

"काल. टाकी भरल्या भरल्या. डिझेल कसं उडतं ते बघायचं होतं मला."

"उडतं म्हणजे? चालवतो मीच ना? मग चोरही मीच?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"अहो, झाकणाला बारीक भोक असतं," मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "त्यातून टाकी श्वास घेते. हवा आत गेली तर डिझेल बाहेर येणार. तुम्ही नाकच दाबून धरलंय!"

"असेल. पण माझं सील चार माणसं साक्षीला असल्याशिवाय—"

वाक्य पुरं झालं नाही. नानीने बादली ठेवली, विळा उचलला आणि एका हिसक्यात पट्टी कापली. लाखेचे तुकडे उडाले. झाकण फिरवताच टाकीने इतका लांब श्वास ओढला की आमच्यातले दोघे मागे सरकले.

पुन्हा हातपंप, पुन्हा स्टार्टर. लोडर गर्जला. धाकट्याने तो मागे घेतला, आणि गुरं दारातून पाण्याच्या लोंढ्यासारखी हौदाकडे सुटली. तांबडी सगळ्यांत शेवटी आली, डुलत, पण आपल्या पायांनी.

नानाने टाकीत वाकून पाहिलं. तोंड उजळलं.

"बघा! थेंब हलला नाही."

धाकट्याने अंगणाच्या मध्यभागी इंजिन बंद केलं, उतरला आणि किल्ली नानाच्या तळहातावर ठेवली.

"सांभाळ. आता हिलाही सील लाव."

"आणि शेण? ते कोण काढणार?"

धाकटा हौदावर जाऊन तोंड धुऊ लागला. नानीने कोपऱ्यातलं फावडं आणलं, घमेलं आणलं, आणि दोन्ही नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"ज्याचा कुणावर भरवसा नाही," ती म्हणाली, "त्याने आपल्या हातांनी करावं."

सांज होईपर्यंत नाना घमेली वाहत होता. अंगणात लोडर उभा होता, टाकी काठोकाठ. येता-जाता नानाची नजर तिच्याकडे वळायची, आणि शेण अंगावर सांडायचं.