उलटा सातिया

सिगरेट सोडण्याच्या बाबतीत सबंध उज्जैनमध्ये आमच्या भय्यासाहेबांचा हात धरणारा कुणी नाही. बाकीचे लोक एकदा सोडतात आणि मोकळे होतात. ह्यांनी ती इतक्या वेळा सोडलीय की घरात आता त्याचा विधीच ठरून गेलाय. सकाळी आंघोळ, धुतलेला कुर्ता, चेहऱ्यावर संन्यास घ्यायला निघाल्यासारखा भाव. मग स्वतःच्या हाताने अ‍ॅशट्रे घासायचा, पुसायचा, आणि त्यात माझ्या हेअरपिना भरून तो आरशापुढे आणून ठेवायचा. मग एखाद्या दिवशी पिना टेबलावर विखुरलेल्या दिसल्या की मी काय समजायचं ते समजते.

भय्यासाहेब म्हणजे माझा नवरा. ह्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते. दरबार गेला, जमीन गेली, पण थोरल्या घरातल्या मुलाला भय्यासाहेब म्हणायची पद्धत तेवढी टिकली. ह्यांनी जन्मभर बँकेत नोकरी केली, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. आमचं घर माधव नगरात, मुलगी मधुरा पुण्याला. गणित शिकवल्यामुळे मला एक खोड लागलीय. कुणी ‘झालं’ म्हटलं की मी विचारते, सिद्ध करून दाखवा.

आता, सिगरेट कायमची सुटली हे सिद्ध कसं करायचं?

एरवी मी ह्यांच्या सिगरेटला नुसती नावं ठेवत राहिले असते. पण माझे मोठे दीर ह्याच नादात गेले. शेवटचं वर्ष त्यांनी नळ्या लावून, पलंगावर बसून काढलं. आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. माझ्या जाऊबाई, मंगलावहिनी, अजूनही सकाळी दोन कपांचं आधण ठेवतात आणि मग आठवलं की अर्धं पाणी ओतून देतात. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मला भीती वाटते, साधी सरळ भीती. ह्यांच्याशी माझं दिवसातून चारदा वाजतं, पण सकाळचा चहा मला एकटीने प्यायचा नाही.

म्हणून मी चिंतामण गणपतीला साकडं घातलं. इथली पद्धत अशी की देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटा सातिया काढायचा. सातिया म्हणजे आपलं स्वस्तिक. मनातली इच्छा पुरी झाली की परत यायचं आणि तोच सुलटा काढायचा. बास, हिशोब पूर्ण. परीक्षेत पास, नोकरी, लग्न, मूल, घर, सगळं त्या भिंतीवर उलटं होऊन वाट बघत असतं.

पहिल्यांदा मी उलटा काढला आणि ह्यांनी खरंच सिगरेट सोडली. मी मोठ्या थाटात जाऊन सुलटा केला, कॉलनीत घरोघरी लाडू वाटले. आठवडा गेला नसेल, माझ्या पिना टेबलावर. पुढच्या खेपेला मी जास्त थांबले, पूर्ण खात्री करून घेतली. पुन्हा सुलटा, पुन्हा लाडू, पुन्हा पिना. तिसऱ्या खेपेला शेजारच्या निहारिकाने लाडू हातात घेत विचारलं, “काकू, ये वाले कितने दिन चलेंगे?” लाडू परत हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण घेतला नाही, आपण शिक्षिका.

गणपतीला दोष द्यायची तर सोयच नव्हती. त्याने आपलं काम दरवेळी चोख केलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ह्यांचा खोकला वाढला. गच्चीवर जायचं तर जिन्यात मध्ये थांबायचे आणि भिंतीचा रंग कसा उडालाय ते बघत असल्याचं नाटक करायचे. एकदा मी खालून नुसती बघत राहिले. ते थांबले होते आणि हात छातीवर होता. अगदी दीर थांबायचे तसे. मी एक शब्द बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे एवढं त्यांना कळतं. दसऱ्याला त्यांनी अ‍ॅशट्रे घासला, आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन भिंतीवर, कोनाड्याखाली, उलटा सातिया काढून आले आणि ह्यांना तसं सांगितलंही.

ह्या खेपेला त्यांनी घर डोक्यावर घेतलं. बडीशेप सतत तोंडात. बडीशेप संपली की लवंग, लवंग संपली की शेव. पोट पुढे आलं, कुर्ते आवळायला लागले. रविवारी पोहे-जिलबी खाऊन झाली की हात आपोआप खिशाकडे जायचा आणि खिशातून रुमाल काढून उगाच तोंड पुसत बसायचे. टीव्हीच्या रिमोटशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, एकदा तर बाल्कनीतल्या कबुतराला ‘आप’ म्हणून झापलं. टॉवर चौकातल्या पानवाल्याला मी आधीच दम देऊन ठेवला होता. हे त्याच्यापुढे नुसते उभे राहिले तरी तो हात जोडायचा, “भय्याजी, आप तो सौंफ ले लो. आंटी मेरी दुकान उठवा देंगी.”

थंडी गेली, होळी झाली. पिना जागच्या जागी. एक दिवस हे गच्चीवर न थांबता गेले आणि वरून ओरडले, “अंबिका, पापड वाळले की!” मला पापडांचं काही नव्हतं. मी खाली जिन्यापाशी उभी राहून डोळे पुसले.

चैत्रातल्या बुधवारी चिंतामणला जत्रा असते. मी ठरवलं, आता सुलटा करायचा. मधुराला फोन केला तर तीही खूश, “आई, बाबांना माझ्याकडून शाबासकी दे. आणि ह्या वेळी लाडू जास्त करू नकोस.” मी जास्तच केले. डबा भरून, कुंकवाची डबी घेऊन आम्ही रिक्षात बसलो. मी बडबडत होते. शेतं मागे पडत होती, हे बाहेर बघत होते. मला वाटलं, भाव दाटून आला असेल.

दर्शन झालं, मागच्या भिंतीशी गेलो. ही गर्दी! मी कोपराने जागा केली. माझा सातिया मी कोनाड्याच्या खाली काढला होता. फिका झाला होता, पण होता. मी पाण्याने कुंकू भिजवलं, बोट बुडवलं, आणि ह्यांनी माझं मनगट धरलं.

“नको.”

“नको म्हणजे?”

“राहू दे उलटाच.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि त्याच क्षणी भडकाही उडाला. “ओढलीत ना? कधी? खरं सांगा! गणपतीच्या पाठीमागे उभे आहात.” मी त्यांचा हात ओढून बोटं हुंगली. बडीशेप. कुर्ता हुंगला. साबण. शेजारची बाई आपला सातिया अर्धवट टाकून आमच्याकडे बघायला लागली.

“नाही ओढली, बाबा. कसम से,” ते म्हणाले. “पण तू हा सुलटा केलास की ओढेन. दरवेळी तेच होतं. पहिल्यांदा तर इथेच ओढली, त्या नारळवाल्याच्या मागे. तू आत प्रदक्षिणा घालत होतीस.”

“इथेच? देवळात?”

“देवळाच्या बाहेर,” त्यांनी दुरुस्ती केली. बँकेची सवय. “तू मास्तरीण आहेस, तूच सांग. पास झालेला मुलगा पुस्तकं कुठे ठेवतो?”

“रद्दीत.”

“मग? तू सुलटा काढतेस, लाडू वाटतेस, सगळे पाठ थोपटतात. मी पास. मनात येतं, चला, सुटली की कायमची, आता एक ओढून काय बिघडणार? तो उलटा असला ना, की मला वाटतं अजून पेपर चालू आहे. जिन्यात, पोह्यांनंतर, टॉवर चौकात, मला हा कोनाड्याखालचा दिसतो. ह्याच्यावरच तर हे सगळे महिने काढलेत मी.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण गणित त्यांचं बरोबर होतं. चूक शोधायचा मी प्रयत्न केला, सापडली नाही. तरी मी सोडते थोडीच! “पण देवाचं देणं असं ठेवायचं का? एक दिवस तरी सुलटा करावाच लागेल. कधी करायचा?”

ते हसले. “मी गेल्यावर ये आणि कर. तेव्हा एकदम पक्कं होईल, कायमची सुटली म्हणून. तुझं ते सिद्ध का काय ते.”

मी कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून उभी राहिले. मला रागही आला आणि रडूही आलं, आणि गर्दीत दोन्ही करता येईना. दिरांच्या पलंगापाशी बसून मी देवाजवळ जे मागितलं होतं ते सिगरेटचं नव्हतंच. हा माणूस माझ्यापुढे राहावा, एवढंच मागितलं होतं. आणि तो समोर उभा राहून, पोट पुढे काढून, मला सांगत होता की सातिया उलटा आहे तोवर मी आहे.

“माताजी, बनाना है तो बनाओ, नहीं तो हटो,” शेजारची बाई म्हणाली.

मी बनवला. त्याच फिक्या रेघांवरून बोट फिरवून उलटाच काढला, चांगला ठसठशीत. मनात म्हटलं, गजानना, आजवर सगळ्यांनी तुझ्याकडे हा सुलटा व्हावा म्हणून मागितलं. माझा असाच ठेव.

बाहेर येऊन नारळवाल्यापाशी बसलो. त्याच्या मागे जाऊन मी आधी नीट बघून घेतलं, सवयीने. मग डबा उघडला.

“हे लाडू आता कसले?” ह्यांनी विचारलं.

“बुधवारचे. खा गुपचूप.”

त्यांनी एक खाल्ला, दुसरा उचलला. तेवढ्यात माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. “आणि मी आधी गेले तर?”

त्यांचा हात थांबला. लाडू त्यांनी परत डब्यात ठेवला.

“तर मी त्याच दिवशी सिगरेटचं पाकीट घेऊन येईन,” ते म्हणाले. “सांगून ठेवतो.”

“म्हणजे मला जायचीही सोय नाही?”

“नाही.”

“ठीक आहे,” मी म्हटलं आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला. “मग पुढच्या चैत्रात उलटा सातिया रंगवायला या माझ्याबरोबर. कुंकू तुम्ही भिजवायचं.”