सहावी बाटली

धोंडुबाईंनी मडक्यातून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि संयोगिताच्या तळहातावर ठेवली. आत इन्सुलिनची बाटली होती. गार.

"दिसातनं तीनदा फडकं बदलते मी," धोंडुबाई म्हणाल्या. "फ्रीज न्हाय की आमच्यात."

संयोगिताने लेबलावरचा नंबर वाचला. तोच. शाहूपुरीतल्या एका औषधांच्या होलसेल दुकानात माल पाठवायचं काम तिच्याकडे होतं. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, सहा बाटल्यांचा खोका ती टेम्पोतून उतरवून घ्यायला विसरली. एप्रिलच्या उन्हात बंद टेम्पोत तो सोमवारपर्यंत तापला. सोमवारी तिने तो गुपचूप फ्रीजमध्ये सरकवला आणि दुपारी गगनबावड्याच्या मालात चढवला. कंपनीपासून इथवर ज्याच्या ज्याच्या हाती तो खोका पडला, त्याने तो जपला होता. एक तिचाच हात सोडून.

परवा न राहवून तिने गगनबावड्याच्या मेडिकलला फोन केला. पाच बाटल्या तशाच पडून होत्या. एक धोंडुबाईंनी नेली होती.

"कंपनीनं परत मागवलीय, आजी. ही नवी घ्या." बसमध्ये घोकून आणलेलं वाक्य बोलत तिने बर्फाचा डबा उघडला.

धोंडुबाईंनी हात पुढे केला नाही.

"का गं? माझ्याकनं काय बिघडलं का?"

"तसं न्हाई..."

"साखर उतरंना झालीया माझी. डॉक्टर म्हनलं, म्हातारे, तू चोरून गोड खातीस. तवापास्नं सून गुळाचा डबा कुलपात ठेवती." त्या हसल्यासारखं करून पदराच्या टोकाला पीळ घालू लागल्या. "न्हाय खाल्लं गं मी. पर कुनाला पटवून देऊ?"

आत सून भाकरी थापत होती. तिने बाहेर डोकावूनही पाहिलं नव्हतं.

संयोगिताने डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

"आजी, कंपनीनं न्हाई मागवली. ही बाटली माझ्या चुकीनं उन्हात ऱ्हायली. खराब झाली असंल हे ठाऊक असून मी पाठवली. तुमची साखर त्यानंच उतरत नसंल."

 धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा त्यांनी बाजूला सारला. आतली थापणी थांबली.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."