कात्राबाईच्या खिंडीपलीकडे गेलेली पाठपिशवी

माझ्या अंगावर नऊ ठिगळं आहेत, मित्रांनो, आणि प्रत्येक ठिगळ कोणी लावलं ते मला आठवतं. मी वर्धा जिल्ह्यातली एक जुनी पाठपिशवी. माझा रंग विचाराल तर पूर्वी खाकी होता; आता कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा झाला आहे.

माझा जन्म समुद्रपूरला झाला. तिथे एस.टी. स्टँडसमोर किसनराव शिंपी बसत. कापसाच्या गाड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. एक दिवस महादेवराव आपल्या मुलीला, मंजुषाला, घेऊन त्यांच्याकडे आले. मंजुषा हिंगणघाटच्या कॉलेजात शिकत होती आणि कॉलेजची मुलं-मुली सह्याद्रीत चालायला जाणार होती. महादेवराव म्हणाले, नागपूरहून सॅक आणावी म्हणतो.

किसनरावांनी मशीन थांबवलं. "बजारातली काऊन आनता? एका पावसाळ्यात शिलाई उसवते तिची. मी देतो शिवून. पोरीची पोरगी वापरन."

त्यांच्याकडे एका जुन्या तंबूचं जाड कापड उरलं होतं. त्यातून त्यांनी मला बेतलं. तळाला दुहेरी कापड घातलं, सगळ्या शिवणी दोनदा मारल्या आणि खांद्यावरच्या पट्ट्यांत आपल्याच भागातला सरकी काढलेला कापूस भरला. मंजुषाने मला पाठीवर घेऊन दुकानातच दोन फेऱ्या मारल्या. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तसा पुन्हा कित्येक वर्षं वाटला नाही.

मंजुषाची एक मैत्रीण होती, रंभा. दोघी एकाच गल्लीतल्या, एकाच बाकावरच्या. रंभाला स्वतःची पिशवी नव्हती, म्हणून तिचंही सामान माझ्यातच होतं. रतनवाडीहून निघून हरिश्चंद्रगडावर तारामतीच्या शिखरापर्यंत जायचं, असा चार दिवसांचा बेत होता. सपाट मुलखातल्या त्या पोरींनी एवढे डोंगर कधी पाहिले नव्हते. रतनगड झाला. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीखाली रंभाचा पाय घसरला आणि ती खाली बसली. "मोडला वं पाय," म्हणून रडू लागली. सरांनी तिला गावातल्या माणसाबरोबर मागे पाठवायचं ठरवलं. मंजुषाने मला खांद्यावर टाकलं आणि कोणी काही विचारायच्या आत तीही मागे वळली. बाकीची मुलं पुढे गेली. खिंडीच्या पलीकडे काय आहे, ते आम्हा तिघींनी पाहिलंच नाही.

त्यानंतर माझे दिवस फिरले. मंजुषा लग्न होऊन सिंदी रेल्वे या गावाला गेली. तिच्या सासरी शेतीच्या पाइपांचं दुकान होतं. रंभा अल्लीपूरला भाजीपाला करणाऱ्या घरात गेली. मी मंजुषाबरोबर सिंदीला आले. आधी माझ्यात गुंजनच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, दुपट्यांची चळत असायची. मग पाइपांचे जोड आले. मग कांदे. एका हिवाळ्यात उंदराने माझ्या पोटाला भोक पाडलं आणि मला माळ्यावर टाकण्यात आलं. माळ्यावर दिवस मोजता येत नाहीत. खालून दुकानातले आवाज यायचे, मंजुषा गिऱ्हाइकांशी बोलायची, आणि तिचा आवाज हळूहळू जाड होत चाललेला मला कळायचा.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत गुंजनने मला खाली काढलं आणि भंगारवाल्यासाठी ओट्यावर ठेवलं. त्याच दुपारी रंभा मैत्रिणीला भेटायला आली होती. तिची नजर माझ्यावर पडली.

"मंजू, हे बाहेर काऊन ठेवलं वं?"

"गुंजन फेकून राह्यली. तिच्याजवळ नवीन हाय."

 रंभाने मला मांडीवर घेऊन पदराने धूळ पुसली. तिचे हात खरखरीत झाले होते; वांग्याच्या काट्यांच्या खुणा होत्या त्यांवर. मग म्हणाली, "सत्तावीस वर्षं झाली. आपलं राह्यलंच ना ते."

"काय?"

"खिंडीच्या पुढचं."

मंजुषा हसली. "आता? मले दुकानाचा जिना चढवत नाई."

"म्हनूनच आता. अजून दहा वर्षांनं उंबराही चढवनार नाई. आन् जायचंच तं पुरं जाऊ. कळसूबाईपासून."

मित्रांनो, भंगारवाला आला तेव्हा मी ओट्यावर नव्हते. मंजुषा मला धुऊन काढत होती.

दोन महिने दोघींनी तयारी केली. मंजुषा पहाटे रेल्वेच्या कडेच्या रस्त्याने चालायची. मला पाठीवर घ्यायची आणि माझ्यात दुकानातलीच वजनं टाकायची. लोक हसत. रंभा अल्लीपूरला शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फेऱ्या मारायची. तिच्या नवऱ्याला, हेमराजला, एकच काळजी होती. आम्ही निघताना तो म्हणाला, "वांग्याचा मोठा तोडा दहा दिवसांवर हाय. बाया भेटून नाई राह्यल्या. तोड्याच्या आधी येजो मात्र." रंभाने मान डोलावली. तेवढ्यात सगळं बसत होतं; एकही दिवस जास्तीचा नव्हता.

जानेवारीत आम्ही रेल्वेने इगतपुरीला उतरलो आणि बारी गावाहून चालू लागलो. वाट दाखवायला प्रभाकरराव नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मंजुषाने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि वर पोहोचेपर्यंत एकदाही खाली पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या पाण्याकडेने रतनवाडी गाठली. वाटेत दोघी माझ्यातून जवसाची चटणी आणि पोळ्या काढून खायच्या. तिसऱ्या दिवशी रतनगडाच्या शिडीवर एका खिळ्यात माझी पट्टी अडकली आणि अर्धी फाटली. रंभाने वर पोहोचल्यावर पोती शिवायचा दाभण काढला आणि सुतळीने मला असं शिवलं की किसनरावही मान डोलावतील.

"दाभन कशाले आनला होता?" मंजुषाने विचारलं.

"शेतकऱ्याच्या बाईजवळ असतेच," रंभा म्हणाली.

चौथ्या दिवशी कात्राबाईची खिंड आली. मी वाट पाहत होते की दोघी थांबतील, काहीतरी बोलतील. मंजुषा थांबलीही. पण रंभा मान खाली घालून भराभर चढून गेली. खिंडीत वारा जोराचा होता. पलीकडे दरी, तिच्यापुढे डोंगर, आणि त्यांच्यामागे निळसर हरिश्चंद्रगड. मंजुषा कौतुकाने "पाह्य वं, पाह्य!" म्हणत राहिली. रंभाने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

खाली उतरताना मंजुषाचा गुडघा बिघडला. आधी ती लपवत होती. पण तिची पाठ एका बाजूला कलत होती, आणि ते मला लगेच कळलं. कुमशेतला शोभाबाईंच्या घरी मुक्काम होता. तिथे पोहोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. शोभाबाईंनी तेल गरम करून आणलं. प्रभाकररावांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "उद्या सकाळी राजूरला जीप जाती, ताई. एकीनं जीपनं जावा, दुसरीला मी गडावर नेतो."

"बरोबर," मंजुषा म्हणाली. "रंभे, तू जा. मी राजूरले थांबते. तुले तोड्याच्या आधी घरी पोहोचायचं हाय."

रंभा चुलीपाशी बसली होती. तिने एक लाकूड आत सारलं. मग जाळाकडे पाहतच म्हणाली, "मंजू, मी खोटं बोलली होती वं."

"कधी?"

"तवा. खिंडीखाली. पाय मुरगळला होता थोडासा. मोडला-बिडला काही नोता. चालता आलं असतं मले. पन वर पाह्यलं न् मी खालीच बसली. मी घाबरली होती. आन् तू माह्यापायी मांगं वळली." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सत्तावीस वर्षं सांगाव सांगाव म्हनते. तू भेटली की तोंड उघडत नाई."

मित्रांनो, मी भिंतीला टेकून होते. त्या दोघींचं सगळं ओझं मी वाहिलं, असं मला वाटत असे. हे ओझं रंभा एकटीच वाहत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मंजुषा सुजलेला पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "मले माहीत होतं."

रंभाने मान वर केली.

"पट्टी कोनं बांधली होती तुले? मीच ना? सूजच नोती पायाले."

"मंग काऊन आली वं माह्यासंगं?"

"तू रडून राह्यली होती," मंजुषा म्हणाली. "तुले अनोळखी मानसासंगं कशी पाठवू? गड काय पळून जात होता?"

रंभाने पदर डोळ्यांना लावला. शोभाबाई दोघींकडे पाहत होत्या. त्यांना यातलं अर्धंच कळलं असेल. त्यांनी भाकरी टाकली, पातळ भाजीचं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आता जेवा बायांनो, कोरड्यास निवतंय."

सकाळी रंभा पठारावर गेली, कारण गावात फोन लागत नव्हता. मला पाठीवर घेऊनच गेली होती. तिने हेमराजला सांगितलं की मंजूच्या गुडघ्याची सूज उतरेपर्यंत आम्ही इथेच थांबतो, तोड्याला मी पोहोचत नाही.  पलीकडून हेमराजचा आवाज आला, "वांगे मी तोडतो, पाव्हने-राव्हने बलावून. तुम्ही दोघी पोहोचा तिथं. अर्ध्यातून येऊ नका."

जीप आली आणि रिकामीच गेली.

एक दिवस मंजुषा पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. मंजुषाच्या हातात शोभाबाईंनी दिलेली काठी होती. तिचं बहुतेक सामान रंभाने माझ्यात कोंबलं आणि मला आपल्या पाठीवर घेतलं. माझ्या जुन्या शिवणी करकरल्या, पण एकही सुटली नाही. पाचनईला मुक्काम झाला. पुढच्या दिवशी गड चढायला लागलो. दहा पावलं, मग विसावा. पुन्हा दहा पावलं. तरुण मुलांचा एक जथा गाणी म्हणत आम्हाला ओलांडून गेला. "आजी, जमेल का?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"आजी कोनाले म्हनतं रे?" मंजुषा गरजली, आणि त्या रागात वीस पावलं सलग चढली.

दुपार कलताना आम्ही तारामतीवर होतो. समोर आणखी चढ नव्हता; फक्त आकाश होतं, आणि खाली धुरकट कोकण. रंभाने मला उतरवलं. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या.  वाऱ्याने दोघींचे केस विस्कटले होते आणि त्यांत किती पांढरे आहेत ते उन्हात दिसत होतं. थोड्या वेळाने मंजुषाने विचारलं, "आता उतरायचं कसं वं?" आणि दोघी पोट धरून हसल्या. प्रभाकररावही हसले, सात दिवसांत पहिल्यांदाच.

हेमराजने वांगी तोडली. अर्धी थोडी जून झाली होती म्हणे. कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मित्रांनो, आता मी सहा महिने सिंदीला असते आणि सहा महिने अल्लीपूरला, कारण दोघींपैकी कोणीही मला सोडायला तयार नाही. माझं तुमच्याकडे थोडंसं मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला वर्षातून एकदा झटका, धुवा, ऊन दाखवा. शिवण उसवली तर त्याच दिवशी दोन टाके घाला; उद्यावर टाकलं की भोक मोठं होतं. मनातलं एखादं बोलणं राहून गेलं असेल, तर तेही लवकर बोलून टाका. ऐकणाऱ्याला ते कदाचित आधीच ठाऊक असेल. आणि पिशवीत सामान भरताना ओल्या कपड्यांखाली पोळ्या ठेवू नका, एवढं तरी कराच.

बाकी मी मजेत आहे.