तेरावं पान

धाकट्या बहिणीचं एक पत्र मी नऊ वर्षं अनुत्तरित ठेवलं. ती तेव्हा तिच्या गावात नगरसेविका होती. तिने लिहिलं होतं, "दादा, गावाचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडून आम्ही परत घेतोय. नव्या व्यापार करारात आमचे हात बांधणारं काही नाही ना? आमचे खासदार म्हणतात, मी स्वतः वाचलाय, शुद्धलेखन सोडलं तर काळजी नाही. तू तिथेच आहेस. नुसतं हो किंवा नाही कळव."

मी व्यापार खात्यात अनुवादक होतो. कराराचा मसुदा आपल्या भाषेत आणायचा आणि गप्प बसायचं, अशा कागदावर मी सही केली होती. खासदारांनाही तो तळघरातल्या खोलीत अर्धा तासच वाचता येई. पेन, मोबाइल बाहेर. समोर मी राखणीला. प्रत्येक प्रतीत एक वेगळा ह्रस्व-दीर्घ मी मुद्दाम चुकवलेला असे. मजकूर बाहेर फुटला, तर कोणाच्या प्रतीतून ते चुकीवरून कळावं म्हणून.

तिचे खासदार आले ते बाड बघून म्हणाले, "मास्तर, हे वाचायचं की वजन करायचं?"

"साहेब, मला बोलायची परवानगी नाही."

"खोकायची तरी आहे ना?"

बाराव्या पानावर ते अडले. "पाणिपुरवठा? अहो, णी दीर्घ! माझे वडील शाळामास्तर होते. छडी मिळाली असती तुम्हाला." उरलेला वेळ त्यांनी मला शुद्धलेखन शिकवलं. तेरावं पान उलटलंच नाही. खाजगी कंपनीकडची सेवा परत घेतली, तर तिला भरपाई मागता येईल आणि दावा बंद दाराआड चालेल, असं त्या पानावर होतं. मी घड्याळाकडे बघत बसलो.

आठवड्याने बहिणीचं पत्र आलं. मी खात्यातल्या माझ्या साहेबांना चाचरत विचारलं, "घरच्यांनी काही विचारलं तर?"

"भिंतीला कान असतात, तोंड नसतं," ते हसले. मीही हसलो.

करार संसदेत हात वर करून मंजूर झाला. त्याच महिन्यात नगरपालिकेने पाणी परत घेतलं. कराराचा मजकूर छापून आला तो सहा महिन्यांनी. कंपनीने दावा लावला, गाव हरलं. भरपाईपायी दवाखाना बंद झाला. बहिणीच्या दारावर कुणीतरी 'दवाखाना गिळला' असं लिहिलं. तिने फोन केला.

"दादा, तुला यातलं काही माहीत होतं का रे?"

"नाही गं."

"मग माझंच चुकलं. छापील मजकुराची वाट बघायला हवी होती."

मला रडू आलं नाही, झोपही उडाली नाही. बसून बसून पायाची जाणीव जावी, तसं काहीतरी होतं. ते तसंच राहिलं.

गेल्या मंगळवारी भाचीचा फोन आला. "मामा, आई सोमवारी भर सभेत गावाची माफी मागणार आहे. कुणाचं ऐकत नाही. तुम्ही तरी समजावा."

तिला समजवायचा मला काय अधिकार? मी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: "हो. तेराव्या पानावर होतं. अनुवाद माझाच. फोनवर मी खोटं बोललो. तू माफी मागू नकोस. हे सभेत वाचून दाखव, खाली माझं पूर्ण नाव आहे." हे लिहिल्याने माझ्यावर कारवाई होऊ शकते. भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. "घाईचं आहे का, आजोबा?"

"नऊ वर्षं उशीर झालाय. सोमवारच्या आत पोचेल?"

"शनिवारीच पोचेल."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट माझ्यादेखत पोत्यात टाकलं.