वच्छलाबाईंचे तीन मजले

मित्रांनो, कितीही पायडल मारा, मी जागची हलत नाही. मी व्यायामाची सायकल. क्रांती चौकाजवळच्या एका कर्करोग रुग्णालयाला मला कुणीतरी भेट दिले. पहिल्या दिवशी हार घातला, फोटो काढले. मग चार वर्षे मी कोपऱ्यात गंजत पडले. "इथली माणसं आधीच दमलेली, त्यांना कसला व्यायाम?" असेच सगळे म्हणत.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकरसाठी गल्लोगल्ली रांगा लागत, तरी शहराबाहेर नव्या इमारती उठतच होत्या. अशाच एका इमारतीत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, वच्छलाबाई मुलाकडे राहायला आल्या. जन्म शेतात राबण्यात गेलेला. आता स्तनाचा कर्करोग. मुलगा सुदर्शन मायेपोटी त्यांना खाटेवरून उठूच देईना. दुसऱ्या केमोनंतर पायांतले बळच गेले. चौघांनी खुर्चीत बसवून वर नेले.

पुढच्या खेपेला आमच्या रुग्णालयात आल्यावर वच्छलाबाई इथल्या फिजिओथेरपिस्ट चारुताताईंपाशी रडल्या. "जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर गेले गं बाई! मरणाचं भ्याव नाय, ह्या जिन्याचं हाय."

ताईंनी डॉक्टरांशी बोलून मला बाहेर काढले, तेलपाणी केले. सुदर्शन घाबरला. "मॅडम, आईला धड उभं राहवंना, अन् सायकल?"

"दोनच मिनिटं. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय."

"लोक हसतील की!" म्हणत वच्छलाबाईंनी पदर खोचला आणि त्या माझ्यावर बसल्या. त्यांनी माझी दांडी घट्ट धरली. माझाही जीव मुठीत होता.

हळूहळू दोनाची पाच मिनिटे झाली. मध्येच रक्त कमी झाले, चक्कर आली. तेव्हा ताईंनी सक्त विश्रांती दिली. त्या दिवशी वच्छलाबाई नुसत्याच माझ्या दांडीवर हात ठेवून बसल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा पायडल फिरले.

शेवटच्या केमोनंतर चार दिवसांनी त्या आल्या, त्या हसतच. "चढले बाई! दोनदा टेकले, पण कुणाचा हात नाय धरला. सुद्या मागं रडत व्हता."

आता इथे प्रत्येक नव्या रुग्णाच्या कागदावर औषधांच्या खालीच किती चालायचे, किती व्यायाम करायचा, हेही लिहिलेले असते.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कुणी आजारी असेल, तर त्यांना नुसतेच निजवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर दोन पावले त्यांच्या सोबतीने चाला. सावकाश, त्यांच्या चालीने.