नऊ अठ्ठावन्नची नोंद

ज्याने जन्मात बसची वाट पाहिली नाही, त्याच्याच हातात बसचा निर्णय द्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. मी एकतीस वर्षं डेपोत टाइमकीपर होतो. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, ते लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. माझ्या नोंदीत एका मिनिटाची चूक कुणी काढून दाखवावी. उशिरा येणाऱ्या माणसाची मला कीव येत नाही, किळस येते. ड्रायव्हर लोक माझ्या पाठीमागे मला 'काटा' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आता हे शिक्षण खात्याचे साहेब. वय पस्तिशीच्या आत, शर्टाला इस्त्री आणि जिभेलाही इस्त्री. त्यांनी ठरवलं की आमच्या वस्तीजवळच्या सरकारी शाळेतला कर्णबधिर मुलांचा वर्ग उचलायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, वीटभट्ट्यांच्या पलीकडे बांधलेल्या नव्या इमारतीत नेऊन ठेवायचा. का, तर तिथं जागा मोठी आहे. अहो, मुलं चौदा. त्यांना काय घोडे पळवायचे होते तिथं? त्या चौदांतली एक माझी नात.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहत नाही. आठ वर्षांची आहे. दोन्ही कानांना मशीन लावूनही निम्मंच ऐकू येतं, उरलेलं ती ओठांवरून वाचते. वर्गाच्या बाईंनी तीन वर्षं तिला आरशासमोर बसवून, स्वतःच्या गळ्यावर तिचा हात ठेवून, एकेक शब्द तिच्या तोंडून काढला. घरात बोलायला लागली होती. परक्या माणसापुढे मात्र ओठ घट्ट मिटून घ्यायची, हसतील म्हणून. बाईंनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, "अजून दोन वर्षं रोज आली तर ही कुणाशीही बोलेल. मध्ये खंड पडला तर आहे तेही जाईल." म्हणजे रोजचा वर्ग हवा, आणि त्यासाठी शाळेची बस हवी. सरळ हिशेब होता.

मग सूचना आली. वर्ग हलणार हे नक्की. बस द्यायची की नाही, हे पालकांच्या हरकती ऐकून ठरणार. सभा सकाळी दहाला, ठिकाण नवीन इमारत. वाचून मी हसलो. पोहता येत नाही ही तक्रार ऐकायला माणसाला नदीच्या मधोमध बोलवावं, तसं हे. उंटावरून शेळ्या हाकणारे आयुष्यात पुष्कळ पाहिले, हे तर उंटावर बसून शेळ्यांनाच वर बोलवत होते.

तिथं जायचं कसं, ते मला पाठ आहे. बारा नंबरनं मंडईपर्यंत. तिथून चाळीस नंबर, तासाला एक, आणि भरलेली असली तर थांबतसुद्धा नाही. ती भट्टीच्या फाट्यावर सोडते. पुढं दीड किलोमीटर ट्रकच्या रस्त्यानं पायी, फुटपाथ नावाला नाही. मागून येणारा ट्रक ज्यांना ऐकू येत नाही, त्या मुलांसाठी साहेबांनी हा रस्ता निवडला होता.

माझी सून हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. सकाळी सहाची पाळी. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात निर्णय तिचे आणि बडबड माझी. सूचना वाचून ती म्हणाली, "बाबा, आपण आपले बसनंच जाऊ. जेव्हा पोचू तेव्हा पोचू. कुणी अकराला येईल, कुणी बाराला, कुणाला जमणारच नाही. दिसू दे त्यांना."

"आणि ते काय म्हणतील? स्वतःच्या मुलांच्या सभेला वेळेवर येत नाहीत, ह्यांना बस कशाला?"

"म्हणू देत की."

"माझ्या हयातीत मी कुठं उशिरा गेलेलो नाही. आता ह्या पोरसवदा साहेबापुढे जाऊ?"

ती उठली आणि भांडी घासायला लागली. तेव्हा मला वाटलं, हिला पटलं.

चौदांतल्या एका मुलीचा बाप गादीवाला आहे. गाद्या पोचवायला त्याचा एक टेम्पो आहे. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "एक दिवस देतो काका, माल उद्यावर ढकलतो." झालं. मी कागदावर वेळापत्रकच काढलं. कोण कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता उभं राहायचं, कुठं दोन मिनिटं थांबायचं, कुठं अजिबात नाही. रिटायर झाल्यापासून एवढी मजा आली नव्हती. एकोणीस माणसं गाद्यांवर मांडी घालून निघालो, सगळ्यांच्या केसांत कापूस. एकही माणूस चुकला नाही. नऊ अठ्ठावन्नला मी नव्या इमारतीची पायरी चढलो.

आत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. सहा. कुणी फिरकणार नाही आणि सुंठीवाचून खोकला जाईल, असा त्यांचा अंदाज असावा. कारकून घाबरून उठला आणि दुसऱ्या खोलीतून बाकं ओढायला लागला. मग त्यानं हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. नाव, सही, आणि शेवटचा रकाना आल्याच्या वेळेचा. त्यानं वरपासून खालपर्यंत स्वतःच दहा-पाच लिहून टाकलं होतं.

मी विचारलं, "ही वेळ कुठून आणलीत?"

"अंदाजे लिहिली, काका. पाच-सात मिनिटं इकडं तिकडं."

"भिंतीवर घड्याळ कशाला टांगलंय मग? नऊ अठ्ठावन्न. खोडा आणि नीट लिहा."

तो माणूस खरोखर वैतागला, पण मी सोडतो होय? एकोणीसच्या एकोणीस ओळी खोडायला लावल्या, प्रत्येक खोडाखोडीशेजारी त्याची छोटी सही घेतली, आणि खाली माझी. डेपोत अशीच पद्धत होती. गादीवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. सून तेवढी खिडकीबाहेर बघत होती.

साहेब दहा चाळीसला आले. सरकारी गाडीतून, पुढं ड्रायव्हर, मागं एकटे. चाळीस मिनिटं उशीर, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही. मी उभा राहून बारा नंबर सांगितली, चाळीस नंबर सांगितली, फाटा सांगितला, ट्रक सांगितले. एकही आकडा कागदात न बघता. साहेब मान डोलवत होते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं, घडा निदान मान तरी डोलवत नाही.

"मुद्दा नोंदवला," ते म्हणाले. "बरं, आज सगळे कसे आलात?"

"माझ्या टेम्पोतून," गादीवाला म्हणाला. "एका दिवसापुरता, साहेब. रोज नाही जमणार."

"छान, छान," साहेब म्हणाले, आणि कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सून पाळीवरून आली होती, हाताला साबणाचा वास तसाच. तिनं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. "सभेस एकोणीस पालक नियोजित वेळेपूर्वी, म्हणजे नऊ अठ्ठावन्न वाजता उपस्थित होते. पालकांमध्ये सामायिक वाहनाची समाधानकारक व्यवस्था असल्याचे दिसून आले. सबब स्वतंत्र बसची आवश्यकता वाटत नाही." पत्राची घडी घालून तिनं ते माझ्या हातात दिलं.

"वेळ अगदी बरोबर लिहिलीय, बाबा."

ओरडली असती तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात दाखवायला टेम्पो करून गेलो होतो. उशिरा पोचणं हीच आमची हरकत होती, आणि ती मी माझ्या हातानं खोडली, वर सही ठोकली. हे त्या पोरीला कळलं होतं, जी दिवसभर चादरी धुते. मला नाही कळलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मी खात्यात गेलो. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि माझ्यापुढं उघडून ठेवलं. राग नाही, काही नाही. "आजोबा, आमच्या माणसानं तर दहा-पाच लिहिलं होतं. तुम्हीच आग्रह धरलात." मी म्हटलं, टेम्पो एका दिवसाचा होता. ते म्हणाले, तसं नोंदीत नाही. मी म्हटलं, तो तुमच्यासमोर बोलला. ते म्हणाले, बोलला असेल. असल्या माणसाला शिवी द्यायची तरी कुठल्या तोंडानं, त्याच्या कागदावर माझी सही होती.

वर्ग हलला. गादीवाल्यानं मुलगी जवळच्या साध्या शाळेत घातली. तिथं ती शेवटच्या बाकावर बसते, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या मास्तरांच्या पाठीवरून काय वाचायचं ते वाचते. आणखी सात-आठ जणांनी तेच केलं. सून म्हणाली, "आपण नेऊ. तुम्ही न्याल ना, बाबा?" ती आज्ञाच होती.

वर्ग आठचा. पहिल्या दिवशी पावणेसहाला निघालो. बारा नंबर वेळेवर आली. मंडईत चाळीस नंबर आली, भरलेली, थांबली नाही. मी हात केला. ड्रायव्हर ओळखीचा असता तरी थांबला नसता, नियमच तसा, आणि तो माझ्याच काळात झालेला. तासभर उभे राहिलो. फाट्यावर उतरल्यावर भिंगरीला रस्त्याच्या आतल्या बाजूला धरून चाललो. ट्रक गेला की ती आधी माझ्याकडे बघायची, मग बाजूला सरायची. गेटवर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते, आणि गेट बंद.

गेटवरचा शिपाई आतून म्हणाला, "आठनंतर प्रवेश नाही. चौदातले तीन आलेत, ते मात्र वेळेत आले."

माझ्या टाळूपर्यंत शिव्या आल्या. साहेबापासून सुरू करून कारकुनापर्यंत, मग हा. तोंड उघडणार, तेवढ्यात भिंगरीनं माझा हात सोडला. ती गजांजवळ गेली, शिपायाच्या तोंडाकडे नीट बघितलं, स्वतःचा हात गळ्यावर ठेवला आणि बोलली.

"आम्हाला उशीर झाला. आमची चूक झाली. माफ करा."

तीन वाक्यं. एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ. परक्या माणसाशी ती पहिल्यांदाच बोलत होती. शिपायाला सगळं कळलं. त्यानं गेट उघडलं आणि म्हणाला, "उद्यापासून वेळेवर ये हं, बाळ." तिनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं, मान हलवली आणि आत पळाली.

तिची काही चूक नाही, हे त्याला सांगायला हवं होतं, तिलाही सांगायला हवं होतं. एकतीस वर्षं उशिरा येणाऱ्यांना मी हेच बोलायला लावत आलो होतो. मी गजांना धरून उभा राहिलो, आणि शिपायानं रजिस्टर पुढं केलं तेव्हा त्यात आठ बत्तीस लिहून सही केली.